एक टेबल सोडून

साखर कारखान्याच्या डेटाबेसमध्ये टेबलं दोन-तीनशे असतात, पण सगळ्यांचा भार सारखा नसतो. सभासदांचं टेबल काही हजार ओळींचं. ऊसनोंदीचं त्याहून मोठं. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा, प्रत्येक प्लॉटची वेगळी ओळ, गटवार आणि गाववार. काट्याचं टेबल हंगामात रोज शेकड्यांनी वाढतं. आणि एखादं टेबल असं निघतं की बाकीच्या सगळ्यांची बेरीज त्याच्या पासंगालाही पुरत नाही. आजकाल ते बहुधा फोटोंचं असतं. भरलेला ट्रॅक्टर काट्यावर चढला की एक फोटो, मोकळा होऊन परत आला की दुसरा, आणि दोन्ही थेट डेटाबेसच्या पोटात. वजनाची एक ओळ शे-दोनशे अक्षरांची. तिला जोडलेला फोटो तिच्या हजारपट जागा खातो.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कारखान्यांचे आणि पतसंस्थांचे डेटाबेस सांभाळणं हा माझा व्यवसाय. बॅकअप घेणं हे त्यातलं सोपं काम. रात्री कामाची वर्दळ थांबली की यंत्र तो आपोआप घेतं. कसब लागतं ते बॅकअप परत चढवताना. आणि सगळ्यात जास्त लागतं ते एक टेबल सोडून बाकीचं सगळं चढवताना.

असं करायची वेळ का येते, हे ऐन हंगामात सर्व्हर बसला की कारखान्याच्या फाटकाबाहेर कळतं. केन यार्ड भरलेलं, मागे रस्त्यावर गाड्यांची रांग, बैलं सोडून चाऱ्याला लावलेली. तुटलेला ऊस उन्हात वाळतो. शेतकऱ्याचं वजन घटतं, कारखान्याचा उतारा पडतो. हाताने पावत्या फाडून काही तास निभतात, पण त्या पावत्या नंतर कुणीतरी यंत्रात भरायच्या असतात आणि प्रत्येक भरणीत चुकीला जागा असते. शिवाय मागे कायदा उभा आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर थकलेल्या रकमेवर वर्षाला १५ टक्के व्याज. बिल काढायला काट्याचं टेबल लागतं, ऊसनोंदीचं लागतं, तोडणी-वाहतुकीचं लागतं, बँक खात्यांचं लागतं. फोटोंचं लागत नाही. अख्खा बॅकअप चढवायला रात्र जाते आणि त्या रात्रीतला बहुतेक वेळ फोटोच घेतात. ते मागे ठेवले तर पाळी बदलायच्या आत काटा पुन्हा चालू होतो.

“फोटूचं मागनं बघू ताई,” एका काटा कारकुनानं मला अशाच वेळी सांगितलं होतं, “पावती निघाली पायजे आदी.” त्या घडीला कुठलं काम पुढे आणि कुठलं मागे, हे सर्व्हरच्या खोलीतल्या कुणाहीपेक्षा त्याला नेमकं कळत होतं.

इथे एक बारकावा आहे. सोडायचं असतं ते टेबल नव्हे, टेबलातला डेटा. टेबलच नसेल तर प्रोग्रॅम पहिल्याच फोटोला अडकतो आणि त्याच्यासकट काटाही. टेबल हवं, त्याचे रकाने हवेत, इंडेक्स हवेत, इतर टेबलांशी असलेली नाती हवीत. आत ओळी तेवढ्या नकोत. सर्व्हर उठल्यावर आलेल्या पहिल्या गाडीचा फोटो त्या रिकाम्या टेबलात पहिली ओळ म्हणून बिनबोभाट जाऊन बसला, की काम नीट झालं.

फॉक्सप्रोच्या काळात यात काही विशेष नव्हतं. नव्वदच्या दशकात इकडच्या कितीतरी सहकारी संस्थांचे हिशेब फॉक्सप्रोत होते. तिथे प्रत्येक टेबल म्हणजे डीबीएफ प्रकारची एक स्वतंत्र फाईल, शेजारी तिच्या इंडेक्सची सीडीएक्स आणि लांब मजकूर असला तर एफपीटी. एखादं टेबल नको तर ती फाईल कॉपी करायची नाही. रिकामा सांगाडा हवा तर ‘कॉपी स्ट्रक्चर’ म्हणायचं. फाईल इकडे-तिकडे केल्यानं कुणी तक्रार करायचं नाही, कारण कुठलं टेबल कुणावर अवलंबून आहे हे डेटाबेसला माहीतच नसायचं. ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या डोक्यात असायचं, आणि तो नोकरी सोडून गेला की त्याच्याबरोबर जायचं. मायक्रोसॉफ्टनं १९९२ मध्ये फॉक्स सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि २०१५ मध्ये फॉक्सप्रोचा आधार कायमचा काढून घेतला, तरी त्या फायली अजून कपाटांत आहेत. श्रीलिपीच्या किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेली सभासदांची नावं आजच्या यंत्रावर उघडली की वाचता येत नाहीत. तो विषय वेगळा आहे आणि मोठा आहे.

आजचे डेटाबेस नाती स्वतः सांभाळतात, म्हणून वगळणं अवघड झालं आहे. एसक्यूएल सर्व्हरचा बॅकअप तर साठवणीच्या पानांची जशीच्या तशी नक्कल असतो. त्यातलं एक टेबल सोड, असं त्याला सांगायची सोय नाही. फोटोंचं टेबल पहिल्यापासून वेगळ्या फाईलगटात ठेवलेलं असेल तर काही वाट निघते. नसेल तर सगळं चढवा आणि मग नको ते पुसा. त्यात वाचायचा तो वेळ वाचत नाही. मायएसक्यूएलचा नेहमीचा बॅकअप साध्या अक्षरांची लांबलचक फाईल असते. प्रत्येक टेबलाच्या नावाचा मथळा आणि खाली भरणीच्या ओळी. नको त्या टेबलाच्या ओळी चाळून काढता येतात, पण फाईल शेकडो जीबीची असली की चाळणीलाही तास लागतात.

पोस्टग्रेसनं मात्र या कामाचा नीट विचार केलेला आहे, आणि मी ज्या संस्थांना सल्ला देते त्यांना तिकडे वळवते त्याचं हे एक कारण. त्याच्या ‘कस्टम’ प्रकारच्या बॅकअपला स्वतःची अनुक्रमणिका असते. रिस्टोअरच्या आज्ञेला सांगितलं की काहीही न चढवता ती अनुक्रमणिका तेवढी एका साध्या फाईलमध्ये उतरवून देते. एका ओळीत एक वस्तू. टेबलाची व्याख्या एका ओळीत, त्याच टेबलाचा डेटा दुसऱ्या ओळीत, इंडेक्स आणखी खाली, नात्यांचे नियम त्याहून खाली. ज्या ओळीच्या सुरुवातीला अर्धविराम टाकाल ती ओळ नाहीच असं समजलं जातं. फोटोंच्या डेटाच्या ओळीपुढे अर्धविराम टाकायचा, फाईल सेव्ह करायची आणि बॅकअपबरोबर ही दुरुस्त यादी रिस्टोअरला द्यायची. तो टेबल बांधतो, डेटावरून उडी मारून पुढे जातो, शेवटी इंडेक्स आणि नाती चढवतो. उडी मारायला मात्र कुठला डेटा फाईलमध्ये कुठे सुरू होतो याची नोंद बॅकअपमध्ये हवी. बॅकअप डिस्कवर सरळ फाईल म्हणून लिहिला असेल तर ती असते. घेतानाच पाईपमधून दुसऱ्या यंत्राकडे ढकलला असेल तर नसते, आणि मग नको असलेला डेटाही वाचत-वाचत पुढे जावं लागतं. म्हणून मी आधी इथल्या डिस्कवर लिहून घेते आणि नंतर पाठवते.

ही अनुक्रमणिका मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचते, बाहेर कितीही घाई असली तरी. एखाद्या संस्थेचा सगळा कारभार तिच्यात ओळीओळीनं मांडलेला असतो. कुठली योजना कधी आली आणि कधी बंद पडली, कुणाच्या आग्रहानं कुठला रकाना वाढला, हे टेबलांच्या नावांवरून कळतं. आणि नावं फसवतातही. ‘टेम्प’ नावाचं टेबल तात्पुरतंच असेल या भरवशावर कुणी राहू नये. घाईत एका हंगामापुरतं केलेलं टेबल पुढे वर्षानुवर्षं वापरात राहतं आणि वाहतूकदारांच्या उचलीची शिल्लक त्यातच सापडते. उलट ‘मास्टर’ म्हणून ऐटीत बसलेल्या टेबलाला कित्येक वर्षांत कुणी हात लावलेला नसतो. नुसत्या नावावरून आणि आकारावरून काय सोडायचं ते ठरवणारा माणूस या कामाचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

यादीत दोन ठिकाणी नजर विशेष थांबवावी लागते. पहिली जागा क्रमांकांची. टेबलात नव्या ओळीला पुढचा नंबर देणारा मोजक पोस्टग्रेसमध्ये टेबलापासून वेगळा असतो आणि तो कुठवर आला होता याची यादीत स्वतंत्र ओळ असते. फोटोंचा डेटा सोडला म्हणून कुणी मोजकाच्या त्या ओळीपुढेही अर्धविराम टाकतो. मग नवे फोटो एकपासून मोजले जातात, आणि महिन्याभरानं जुने फोटो परत आणायला गेलं की एक नंबर दोघांना हवा असतो. डेटा सोडा, मोजक सोडू नका. दुसरी जागा फोटो नेमके कुठे ठेवले आहेत त्याची. ते टेबलाच्या रकान्यात ‘बायटिया’ म्हणून असतील तर टेबलाच्या डेटाबरोबर सुटतात. पण काही प्रोग्रॅम ते ‘लार्ज ऑब्जेक्ट’ म्हणून ठेवतात. मग टेबलात असतो नुसता नंबर, आणि खरा भार यादीत दुसऱ्याच ओळीवर असतो. टेबल सोडलं तरी रिस्टोअर काही लवकर संपत नाही आणि का ते कळत नाही.

नात्यांची गोष्ट याहून खोल आहे. फोटोचं टेबल काट्याच्या टेबलावर अवलंबून आहे. फोटो नसला तरी वजन उभं राहतं. म्हणून ते सोडता येतं. याच्या उलट केलं, म्हणजे ज्याच्यावर इतर टेबलं उभी आहेत असं टेबल रिकामं ठेवलं, तर पोस्टग्रेस डेटा भरून घेतो, इंडेक्स बांधतो आणि शेवटी नात्याचे नियम लावताना अडतो. खात्याच्या ओळीत सभासद क्रमांक आहे आणि तो सभासद कुठेच नाही. नियम लागत नाही, बाकीचं काम मात्र पुढे जातं. शेवटी आलेले चुकांचे संदेश न वाचता खिडकी बंद केली तर नियमांशिवायचा डेटाबेस वापरात येतो, आणि ते वर्षाअखेरीच्या लेखापरीक्षणात कळतं.

पतसंस्थांत नेमका हाच पेच येतो. तिथे टेबल सोडायचं कारण भार नसतं, गोपनीयता असते. नवा प्रोग्रॅम तपासायला बाहेरच्या कंपनीला डेटाबेसची प्रत द्यायची असते. त्या प्रतीत सभासदाचा आधार क्रमांक, पॅन, सहीचा नमुना, मोबाईल नंबर जायचं काही कारण नाही. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आल्यावर हे कायद्याचंही झालं, पण विश्वासाचं ते आधीपासून होतं. गावातल्या पतसंस्थेत माणूस पैसे ठेवतो ते समोरच्या माणसांकडे बघून. त्याच्या सहीचा नमुना पुण्यातल्या कुठल्यातरी लॅपटॉपवर पडून आहे हे त्याला कळलं तर त्यानं काय समजायचं? आता सही आणि आधार वेगळ्या टेबलात असतील तर एका अर्धविरामात काम होतं. सभासदाच्या मुख्य टेबलातच असतील तर ते सोडता येत नाही. प्रत संस्थेच्याच यंत्रावर चढवायची, ते रकाने खोट्या मजकुरानं भरायचे, मग तिचा नवा बॅकअप घ्यायचा आणि तो बाहेर द्यायचा. हे लांबचं काम टाळता येण्यासारखं असतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना माझी नेहमीची विनंती असते: जे कधीतरी वेगळं काढावं लागेल ते पहिल्या दिवसापासून वेगळ्या टेबलात ठेवा.

आता फोटोंकडे परत येते, कारण आतापर्यंत मी ते अडगळ असल्यासारखं लिहिलं आहे आणि तसं ते मुळीच नाही. काटामारी हा शब्द इकडच्या प्रत्येक ऊस उत्पादकाच्या तोंडी आहे. त्यावर आंदोलनं झाली आहेत. गाडी खरंच भरलेली होती का, काट्यावर नीट उभी होती का, हे नंतर सांगू शकेल असा साक्षीदार म्हणजे तो फोटो. कारखान्याच्या बाजूनंही आणि शेतकऱ्याच्या बाजूनंही. म्हणून फोटो सोडणं ही नेहमी उधारी असते आणि ती फेडायची असते. काटा चालू झाला, बिलाचं काम मार्गी लागलं, की त्याच बॅकअपमधून त्या एका टेबलाचा डेटा तेवढा चढवायचा, तोही गाड्या कमी असतात अशा वेळी. त्या काळात आलेले नवे फोटो टेबलात असतात. मोजक जपला असेल तर जुने त्यांच्या मागे बिनतक्रार बसतात. मग ओळी मोजायच्या, अधूनमधून काही फोटो उघडून बघायचे आणि पावतीशी ताडायचे. तोपर्यंत काय सोडलं आहे, कुणाच्या सांगण्यावरून आणि कधी परत येणार, हे मी कागदावर लिहून शेतकी अधिकारी आणि मुख्य हिशेबनीस यांच्या सह्या घेते. शिवाय डेटाबेसमध्येच एका छोट्या टेबलात तशी नोंद ठेवते, म्हणजे माझ्यानंतर येणाऱ्याला रिकामं टेबल बघून भलताच अर्थ लावावा लागत नाही.

याच्याही आधी एक मोह असतो आणि त्याला मी कडाडून विरोध करते. फोटो एवढे जड आहेत तर बॅकअप घेतानाच ते सोडून द्यावेत, हा तो मोह. पोस्टग्रेसनं २०१२ सालच्या ९.२ आवृत्तीपासून तशी सोयही दिली आहे. टेबल घ्या, त्याचा डेटा घेऊ नका. बॅकअप लहान होतो, पटकन होतो, पेन ड्राईव्हवर मावतो, व्यवस्थापक खूश. पण रिस्टोअर करताना सोडलेलं परत आणता येतं, बॅकअपमध्ये नसलेलं कुठूनही येत नाही. उद्या कशाची गरज पडेल हे आज रात्री ठरवायचा अधिकार कुणाला दिला?

अडचणी खऱ्या आहेत, हे मान्य. गट कार्यालयातल्या इंटरनेटवरून शेकडो जीबी रोज वर जात नाहीत. तिथे मी दोन बॅकअप करते, एक फोटोंचा आणि एक बाकी सगळ्याचा. आणि फोटोंचा आधी घेते. क्रम उलटा केला तर दोन्हींच्या मधल्या वेळात आलेल्या गाड्यांचे फोटो असतात पण वजनं नसतात, आणि चढवताना नात्याचा नियम त्यांना नाकारतो. फोटो आधी घेतले तर शेवटच्या काही वजनांना फोटो नसतात, एवढंच. प्रत्येक फोटोला त्याचं वजन सापडतं. दोन्ही बॅकअप एकाच क्षणाचे व्हावेत अशीही सोय पोस्टग्रेसमध्ये आहे, पण ती वापरायला जाणकार माणूस लागतो. क्रम पाळायला फक्त शिस्त लागते.

बॅकअप कुठे ठेवायचा, हा प्रश्न आपल्या दोन जिल्ह्यांत पुस्तकी नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. त्याआधी २००५ मध्ये आणि नंतर २०२१ मध्येही ते शहरात शिरलं. तळमजल्यावरच्या कार्यालयांत दप्तर भिजलं, यंत्रं भिजली, आणि ज्यांचा बॅकअप त्याच कपाटात होता त्यांचा बॅकअपही भिजला. कोयनेच्या खोऱ्याला दुसरी भीती आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप पाटणकडे अजून कुणी विसरलेलं नाही. म्हणून सांगलीच्या संस्थेची एक प्रत साताऱ्यात, कृष्णेच्या पाण्यापासून लांब, आणि पाटणच्या संस्थेची एक प्रत सांगलीत वरच्या मजल्यावर, अशी अदलाबदल मी सुचवत आले आहे. दोन संस्थांमध्ये लेखी करार झाला आणि प्रती कुलूपबंद सांकेतिक स्वरूपात ठेवल्या तर याला फार खर्च येत नाही. आणि ही प्रत पूर्ण असली पाहिजे. पूर ओसरल्यावर आणलेल्या नव्या यंत्रावर काय आधी चढवायचं आणि काय मागे ठेवायचं, हे तिथे त्या वेळी ठरवता येईल, पण ठरवायला सगळं हाताशी असलं तरच.

संचालक मंडळांना आणि व्यवस्थापकांना माझी एक विनंती आहे. बॅकअप झाल्याचा संदेश रोज सकाळी येतो एवढ्यावर समाधान मानू नका. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, बॉयलर पेटायच्या आधी, एक जुनं यंत्र मोकळं करा आणि त्यावर तुमचा बॅकअप चढवून दाखवायला सांगा, एकदा पूर्ण आणि एकदा सगळ्यात जड टेबल सोडून. दोन्हींना किती वेळ लागला ते लिहून ठेवा. मग काट्यावरच्या माणसाला, शेतकी विभागाला, हिशेब विभागाला एका टेबलाशी बसवा आणि विचारा की कशाशिवाय तुमचं एक दिवस चालेल आणि कशाशिवाय एक तासही चालणार नाही. ती यादी सह्यांनिशी सर्व्हरच्या खोलीत भिंतीवर लावा. आणि बॅकअप मात्र सगळ्याचा घ्या.